आनंदी गृहिणी : लक्ष्मीबाई टिळक

धर्मग्रामाच्या महोत्सवाची स्मरणिका काढावयाची म्हटली म्हणजे मंदिराचा पाया केव्हा घातला, घंटा केव्हा चढविली, धर्मगुरू कोण कोण होऊन गेले, शाळेची इमारत कोणाच्या काळात उभी राहिली, इत्यादी गोष्टी तीत ओघानेच येतात. त्या याव्यात हे योग्यच आहे. परंतु ज्या माउलींनी आपली लेकरे कडेवर घेऊन या मंदिरात आणिली, त्यांस क्रुसाची खूण करावयास शिकविले, आणि अठराविश्वे दारिद्र्यातही घरात हसण्याचा आवाज बंद पडू दिला नाही, त्यांची नोंद कोठल्या वहीत आहे? आमच्या दप्तरात त्यांच्या नावे तीन ओळी सापडतात : बाप्तिस्मा, विवाह आणि दफन. मधले सारे आयुष्य चुलीच्या धुराबरोबर विरून गेले.

त्यांपैकी एकीचेच चरित्र येथे द्यावे, तर बाकीच्यांवर अन्याय होईल. म्हणून आम्ही असे योजिले आहे, की जिचे नाव महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे, जिला जाऊन आता सुमारे नव्वद वर्षे झाली, आणि जी पत्नी, माता व आजी या तिन्ही नात्यांनी हसतखेळत जगली, अशा एका बाईचे स्मरण सर्वांच्या वतीने करावे. ती बाई म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक होत.

कोणी म्हणेल, लक्ष्मीबाई तर अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाच्या. कॅथोलिक धर्मग्रामाच्या स्मरणिकेत त्यांचे काय काम? एके काळी हा प्रश्न मोठा वाटला असता. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली ख्रिस्तैक्याविषयीचा आदेश काढून विभक्त बांधवांच्या ठायी दिसणारी ख्रिस्ताची देणगी आनंदाने मान्य करावयास आपणांस शिकविले आहे. शिवाय चूल, पाळणा आणि आजारी माणसाचे अंथरूण यांस पंथ नसतो. तेथे जे पवित्र ते सर्वांचेच पवित्र.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळील जलालपूर या गावी गोखल्यांच्या ब्राह्मण कुळात झाला. माहेरचे नाव मनू. सत्तावन्न सालच्या बंडाची झळ या घराला लागलेली होती, आणि त्या धक्क्याने वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला होता, की घरात येणारी प्रत्येक वस्तू पाण्यातून निघाल्यावाचून आत येत नसे. त्या सोवळ्यापायी बायकामुलांचे हाल होत. अशा घरात वाढलेले मूल पुढे एक तर कुढे व्हावयाचे, नाही तर कडवट. मनू यांपैकी काहीच झाली नाही. म्हातारपणी तिने ही हकिकत लिहिली, तेव्हा वाचणारा आधी पोट धरून हसतो आणि मग एकाएकी त्याचे डोळे भरून येतात. बापाविषयी एकही कठोर शब्द तिच्या लेखणीतून उतरला नाही. हसणे आणि क्षमा करणे या दोन गोष्टी तिच्या ठायी प्रथमपासूनच एकत्र नांदत होत्या.

1880 साली, अवघ्या अकराव्या वर्षी, तिचा विवाह नारायण वामन टिळक या तरुणाशी झाला आणि मनूची लक्ष्मी झाली. नारायणराव 1861 सालचे, कोकणातील करजगावचे. वृत्तीने कवी, मनाने उदार, संतापाने जमदग्नी, आणि संसाराच्या बाबतीत केवळ लहान मूल. आज ही नोकरी, उद्या ती. आज या गावी बिऱ्हाड, उद्या त्या गावी. आणि मधूनच कोणास न सांगता घरातून निघून जावे, हा त्यांचा शिरस्ता. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या बायकोस अक्षरओळख त्यांनीच करून दिली. पण घरात तेलमीठ आहे की नाही याचा विचार त्यांच्या मनास शिवत नसे. बायकोने बाजारास धाडावे आणि यांनी पैसे वाटेत कोणाच्या तरी हातावर ठेवावेत किंवा भलतीच वस्तू घेऊन परत यावे, असे प्रसंग नित्याचे. यावर दुसरी एखादी बाई जन्मभर रडली असती. लक्ष्मीबाई भांडत, अगदी कडकडून भांडत. पण भांडण संपले म्हणजे त्याचीच गोष्ट करून सांगत आणि सर्वांस हसवीत. त्यात स्वतःचा वेडेपणा नवऱ्याच्या वेडेपणाहून कधी लहान करून सांगत नसत.

पहिली काही मुले बाळपणीच गेली. 1891 साली देवदत्त जन्मास आले. हाच घरचा दत्तू. संसार आता कोठे मार्गास लागेल असे वाटत असतानाच सर्वांत मोठा घाव बसला.

नारायणराव नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने जात असता एका मिशनऱ्याने त्यांच्या हाती नवा करार ठेविला. डोंगरावरील प्रवचन वाचून त्यांचे अंतःकरण विरघळले, आणि पुढे 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती या नात्याने आम्हांस त्या दिवसाचा आनंद आहे. परंतु धर्मगुरू या नात्याने आम्ही येथे थोडे थांबतो. कारण ज्या दिवशी मुंबईस एका मनुष्यास शांती लाभली, त्याच दिवशी त्याची तरुण बायको आणि तान्हेपण नुकतेच सरलेला मुलगा उघड्यावर पडले. त्या काळी ब्राह्मण घरातील नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे बायको ना धड सुवासिनी, ना धड विधवा. लक्ष्मीबाईंच्या मनाची अवस्था अशी झाली, की जिवाचे काही बरेवाईट करून घेतील या भयाने आप्तांस त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागले. पुढे त्या बहिणीच्या कुटुंबाच्या आश्रयाने पंढरपुरास राहिल्या. सुमारे साडेचार-पाच वर्षे पतिपत्नी एकमेकांस दुरावली.

टिळकांची थोरवी आम्ही जाणतो. त्यांची भक्तिगीते मराठी ख्रिस्ती मंदिरांत आजही गाइली जातात. तथापि सत्याच्या शोधात निघालेल्या पुरुषाने आपल्या शोधाची किंमत घरातील स्त्रीस द्यावयास लावावी, हे आम्ही गुण म्हणून सांगणार नाही. विवाहाचे बंधन ईश्वराने घातले आहे, आणि त्याच्याच हाकेच्या नावाखालीही ते हलकेपणाने बाजूस सारता येत नाही. लक्ष्मीबाईंनी हे दुःख लपविले नाही. त्याला वैराग्याची झूल पांघरली नाही. आणि नवऱ्यास सूडाने दोषही दिला नाही. जे घडले ते घडले तसे लिहून ठेविले. आम्हांस त्यांच्या सत्यनिष्ठेचा मोठेपणा येथेच दिसतो.

टिळक अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, राहावयास आले होते. पुष्कळ पत्रे, पुष्कळ रुसवेफुगवे आणि पुष्कळ अश्रू यांनंतर लक्ष्मीबाई दत्तूस घेऊन तेथे गेल्या. पण गेल्या त्या आपला धर्म व आपले सोवळे बरोबर घेऊनच. स्वतंत्र राहणे, स्वतंत्र चूल, स्वतंत्र पाणी. नवऱ्याने बळजबरी केली नाही, आणि बायकोनेही देखल्या देवा दंडवत म्हणून मान डोलाविली नाही. मग एके दिवशी त्यांच्या मनात आपोआप विचार आला : माणूस देवाने केला, मग जाती कोणी केल्या? देवाने जाती केल्या असत्या तर पशुपक्ष्यांप्रमाणे त्यांची रूपेही निराळी केली असती. एवढा विचार पटला, आणि जन्मभराचे सोवळे त्यांनी क्षणात सोडिले. कोणाच्याही हातचे पाणी प्यावयास त्या सिद्ध झाल्या. प्रवचनाने नव्हे, वादाने नव्हे, तर स्वतःच्या बुद्धीने व प्रांजळ हृदयाने त्या या ठिकाणी पोहोचल्या. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्या धर्मग्रामांतून अजूनही सोयरिकीच्या वेळी जातीची कुजबुज होते, हे आम्ही जाणून आहो. ज्या प्रश्नाचे उत्तर एका निरक्षरप्राय ब्राह्मण बाईस एका दिवसात सापडले, ते आपणांस पिढ्यान् पिढ्या सापडू नये, याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा.

आता टिळकांचे घर पुन्हा भरले. आणि ते घर म्हणजे धर्मशाळाच होती. टिळक कोणासही, केव्हाही, न कळविता जेवावयास घेऊन येत. घरात किती पीठ आहे हे यजमानास ठाऊक नसे, पाहुणे किती हे यजमानिणीस ठाऊक नसे. दुष्काळाच्या आणि प्लेगाच्या त्या दिवसांत अनाथ पोरे रस्त्यावर फिरत होती. त्यांतील कित्येकांस या जोडप्याने घरात घेतले. त्यांच्या उवा काढणे, खरूज धुणे, भांडणे मिटविणे ही सारी कामे लक्ष्मीबाईंकडे. प्लेगाच्या साथीत जेथे रक्ताची माणसे पाठ फिरवीत, तेथे त्या रोग्यांची शुश्रूषा करावयास गेल्या. ज्या मुलीस लहानपणी दुसऱ्याची सावली वर्ज्य म्हणून शिकविले, तिने गाठी आलेल्या परक्या माणसांची अंथरुणे आवरावी, हा केवढा पालट! आणि हे सारे करीत असता थट्टा चालूच. मरणाच्या छायेतही ज्याला हसवावयाचे त्याला त्या हसवीत. दुःख कळत नाही म्हणून त्या हसत नव्हत्या. समोरच्याचे दुःख घटकाभर तरी हलके व्हावे, हा त्या हसण्याचा हेतू.

त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे मराठी वाचकांचे लाडके बालकवी, याच घरात मुलासारखे राहिले. 1907 साली जळगाव येथील कविसंमेलनात या पोरसवदा कवीचे नाव झाले आणि पुढे टिळकांनी त्यास नगरास आपल्या घरी ठेवून घेतले. टिळक त्याचे गुरू. पण त्याचे रुसणे, हट्ट आणि पोरकट खोड्या सांभाळण्याचे काम लक्ष्मीबाईंचे. त्याच्या धर्माला त्या घरात कोणी हात लाविला नाही. तो हिंदूच राहिला, आणि तरीही घरचाच राहिला. 1918 साली भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून तो अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. त्याच्याविषयी लक्ष्मीबाईंनी जी पाने लिहिली, तीत आई जशी गेलेल्या मुलाच्या खोड्या आठवून हसते आणि हसता हसता पदर डोळ्यांस लाविते, तसे झाले आहे.

टिळकांनी 1917 साली मिशनची चाकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला, आणि 9 मे 1919 रोजी मुंबईस देह ठेविला. एकोणचाळीस वर्षांचा संसार, त्यात भांडणे किती, वियोग किती, आणि प्रेम किती! लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशी उलटलेल्या. वैधव्याने खचून कोपऱ्यात बसावयाचे वय ते. पण त्या बसल्या नाहीत. मुंबईस मुलींच्या वसतिगृहाची देखरेख त्यांनी केली. पुढे देवदत्त नोकरीनिमित्त कराचीस गेले, तेव्हा त्याही त्या दूरच्या शहरी जाऊन राहिल्या. कराची आज पाकिस्तानात आहे. तेव्हा मुंबई इलाख्यात होते. परकी भाषा, परके लोक, आणि मध्ये ही नाशिकची आजीबाई! भाषा न समजल्याने होणारे घोटाळे, बाजारातील फजिती, या सर्वांतून त्यांनी हसण्याचे साहित्य गोळा केले. सुनेशी आणि नातवंडांशी त्या आजी म्हणून वागत, अधिकारी म्हणून नव्हे. आजीचा विनोद नातवंडांस वारशात मिळतो, तो बहुधा जमिनीच्या वाटणीहून अधिक काळ टिकतो. त्यांचे नातू अशोक टिळक यांनी पुढे आजीच्या ग्रंथाची संपूर्ण आवृत्ती निगुतीने सिद्ध केली, ती याच वारशाची परतफेड म्हणावी.

या वैधव्याच्या काळातच त्यांच्या हातून दोन मोठी कामे झाली. पहिले ‘ख्रिस्तायन’. प्रभू येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचे कार्य टिळकांनी आरंभिले होते. परंतु पहिले दहा-अकरा अध्याय होतात न होतात तोच त्यांचे आयुष्य सरले. ज्या बाईस जोडाक्षरे लिहिणे जड जाई, तिने पतीचे हे अपुरे काम उचलिले आणि साठांहून अधिक अध्याय रचिले. आपणां कॅथोलिकांस येथे सहजच फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण होते. या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने गोमंतकात राहून मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचिले. ते 1616 साली छापले गेले. तीनशे वर्षांच्या अंतराने एक परदेशी संन्यासी आणि एक नाशिककडची विधवा, दोघांनीही तोच प्रभू त्याच ओवीत गाइला. पंथांच्या भिंती किती उंच आहेत याचे गणित करणाऱ्यांनी ही दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवून पाहावी.

दुसरे काम म्हणजे ‘स्मृतिचित्रे’. 1934 पासून हा ग्रंथ भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागला, आणि मराठी वाचकांनी तो डोक्यावर घेतला. त्यात पांडित्य नाही, अलंकार नाहीत. माजघरात बसून बाई बोलत आहे आणि भोवती सारे घर ऐकत आहे, अशी ती भाषा. स्वतःचे वैगुण्य सांगताना त्यांस संकोच नाही, दुसऱ्याचे सांगताना द्वेष नाही. सासरच्या जाचाची, उपाशी दिवसांची, मुलांच्या मरणाची हकिकत देतानाही त्या वाचकास रडविण्याचा उद्योग करीत नाहीत. ते रडू आपोआप येते. 1933 साली नागपूर येथे भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस देण्यात आले. शाळेत न गेलेल्या बाईस विद्वानांनी दिलेला तो मान होता. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिकास त्या ख्रिस्तवासी झाल्या, तेव्हा आत्मचरित्राचे काम अपुरेच होते. ते देवदत्तांनी पुरे केले. नवऱ्याचे अपुरे पुस्तक बायकोने पुरे करावे आणि आईचे अपुरे पुस्तक मुलाने, असे भाग्य किती घरांस लाभते?

आता या चरित्रापासून आपण काय घ्यावयाचे? भाविकपणा म्हणजे सुतकी चेहरा, अशी समजूत आपल्यातील पुष्कळांची आहे. मंदिरात हसणारे मूल दिसले की आपण डोळे वटारतो, आणि थट्टेखोर बाईस पोक्त म्हणत नाही. परंतु संत थॉमस मोर हे 1535 साली वधस्तंभाकडे जातानाही विनोद विसरले नाहीत. आणि दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2018 साली पवित्रतेविषयी जो उपदेश लिहिला, त्यात आनंद व विनोदबुद्धी ही पवित्र जीवनाची लक्षणे म्हणून सांगितली, आणि शेजारच्या घरात राहणाऱ्या साध्या संतांकडे आपले लक्ष वेधिले. ज्याचा ईश्वरावर भरवसा आहे, तो स्वतःस फार मोठा समजत नाही. आणि जो स्वतःस फार मोठा समजत नाही, त्यासच मोकळेपणाने हसता येते. उलट कुचेष्टेचे हसणे निराळे. ते दुसऱ्यास खाली पाडून उभे राहते. लक्ष्मीबाई हसल्या त्या प्रथम स्वतःला. म्हणून त्यांच्या हसण्याने घर जोडले गेले, तुटले नाही.

आम्ही आजवर पुष्कळ माउलींस मूठमाती दिली आहे. दफनाच्या वेळी घरची मंडळी आम्हांस त्यांच्याविषयी सांगतात ते बहुधा असे : फार सोसले, फार कष्ट केले, कोणास उलट बोलली नाही. हे खरे असते. पण चार दिवसांनी त्याच घरी गेलो असता नातवंडे निराळेच सांगतात. आजी पत्त्यांत कशी लबाडी करी, लग्नात सर्वांच्या पुढे कशी नाचे, आजोबांची नक्कल कशी करी, धर्मगुरूंच्या लांबलेल्या प्रवचनाविषयी घरी येऊन काय म्हणे! मग आम्हांस वाटते, की शवपेटीपाशी आम्ही अर्ध्याच बाईचे वर्णन केले. उरलेली अर्धी या पोरांपाशी आहे. केवळ सोसण्याचेच गोडवे गाइले, तर पुढल्या पिढीच्या मुलींस वाटेल की सोसणे हाच ख्रिस्ती स्त्रीचा धर्म. तो तिचा धर्म नव्हे. लक्ष्मीबाईंनी सोसले, पण प्रश्नही विचारले, भांडणही केले, निर्णयही स्वतः घेतला, आणि त्यानंतरचे हसणे हे त्यांच्या स्वातंत्र्याचे हसणे होते.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षी आमची प्रत्येक घरास एक विनंती आहे. आपल्या गेलेल्या आईची, आजीची, पणजीची तसबीर भिंतीवर आहे, तिला हार घालता, उत्तम आहे. पण एखाद्या संध्याकाळी रोझरी झाल्यावर मुलांस जवळ बसवून तिच्या गोष्टी सांगा, आणि एखाद्या वहीत त्या लिहूनही ठेवा. शुद्धलेखनाची चिंता करू नका. लक्ष्मीबाईंनी ती केली असती तर महाराष्ट्र एका अमोल ग्रंथास मुकला असता. तिचे कष्ट लिहा, तिचा राग लिहा, तिच्यावर झालेला अन्याय असेल तर तोही लिहा. आणि ती कशास हसे ते अवश्य लिहा. ज्या म्हाताऱ्या अजून आपल्यांत आहेत, त्यांच्यापाशी तर उद्यावर न टाकता आजच बसा.

काना गावच्या लग्नात द्राक्षारस सरला, तेव्हा तो आनंद मावळू नये म्हणून पुत्रास शब्द घालणारी एक आईच होती. त्या पवित्र मरियेच्या पदराखाली आपल्या धर्मग्रामातील साऱ्या दिवंगत माता चिरशांती पावोत, आणि त्यांनी आपल्या घरांत पेरलेला आनंद आपल्या हातून वाया न जावो, हीच आमची प्रभुचरणी प्रार्थना.